चाकणचा पंधरा ऑगस्ट

१५ ऑगस्ट १६६० या दिवशी चाकणचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. वाक्य साधं आहे आणि बहुतेक पुस्तकांत ते थोड्याफार फरकानं असंच सापडतं. तरीही त्यातला 'या दिवशी' हा भाग अडचणीचा आहे, आणि हा लेख बराचसा त्या अडचणीबद्दल आहे. पण आधी किल्ल्याबद्दल.

चाकणला किल्ला आहे हे चाकणला रोज कामाला जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. त्यांना दोष देता येत नाही. नाशिक हायवेवरून जाताना मोशी संपली की डोक्यात एकच गोष्ट असते, तळेगाव चौकात आज किती वेळ अडकणार. संग्रामदुर्ग हे नाव ऐकून राजगडासारखं काहीतरी डोळ्यांपुढे आणलं तर निराशा होते. हा भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही. सपाट जमिनीवर तट, बुरूज आणि भोवती खंदक, एवढ्याच भांडवलावर उभा असलेला. आज त्यातलं थोडंसं उरलंय. तटाचे तुकडे, बुजत आलेला खंदक, आत दामोदर विष्णूचं देऊळ आणि सगळीकडून आत शिरलेलं गाव.

असल्या किल्ल्यासाठी औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान भर पावसाळ्यात पुण्याहून का निघाला, याचं उत्तर आमच्या भागातल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला पटेल. खानाचा तळ पुण्यात होता आणि रसद अहमदनगरकडून यायची. त्या वाटेवर चाकण. ते मराठ्यांच्या हातात असेपर्यंत पुण्यातल्या एवढ्या मोठ्या फौजेचं दाणापाणी भरवशाचं नव्हतं. थोडक्यात, चाकण तेव्हाही मालवाहतुकीचं नाकं होतं. १९९०नंतर इथं एमआयडीसी आली, २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज आली, तेव्हा जागा निवडणाऱ्यांनी नकाशावर जे पाहिलं असेल ते शाइस्ताखानानं साडेतीनशे वर्षं आधी पाहिलं होतं.

२१ जूनला खान चाकणसमोर आला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. हा शहाजीराजांच्या वेळेपासून इथं होता आणि पुढे शिवाजीमहाराजांना येऊन मिळाला. महाराजांनी त्याला त्याच जागी ठेवलं, म्हणजे माणूस कामाचा होता. त्याच्याकडे काही शे माणसं, समोर मोगल साम्राज्याच्या दक्षिणेच्या सुभेदाराची फौज. खानानं चारी बाजूंनी मोर्चे बांधले, चौथरे रचून त्यांवर तोफा चढवल्या. पाऊस दोघांवर सारखाच पडत होता, पण खंदकात साठणारं पाणी आतल्यांच्या बाजूनं होतं आणि भिजणारी दारू दोघांच्याही विरुद्ध.

तोफांनी काम भागेना तेव्हा सुरुंग खणायला घेतला. ईशान्येच्या बुरुजाखाली तो पोचायला पन्नासहून जास्त दिवस लागले. १४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास बत्ती दिली आणि बुरूज, त्यावरच्या माणसांसकट, उडाला. मोगल सैन्य ढालींच्या आडोशानं खिंडाराकडे धावलं. तिथं त्यांना दिसलं की पडलेल्या बुरुजाच्या मागे मातीचा उंच बांध आधीच घातलेला आहे आणि त्याच्या आडून बाण, बंदुका, दारूचे गोळे आणि दगड यांचा मारा चालू आहे. सुरुंग खणतायत हे आतल्यांनी ओळखलं होतं. बुरूज वाचवणं हातात नव्हतं, म्हणून त्यांनी बुरूज पडल्यानंतरच्या दिवसाची तयारी केली होती. माझ्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात आणि तो ऐन वेळी चालतो की नाही हे ऐन वेळीच कळतं. चाकणला तो चालला. मोगल त्या संध्याकाळी आत शिरू शकले नाहीत. खिंडारापाशीच त्यांनी रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हल्ला झाला. या वेळी मोगल आत घुसले, आतली बरीच माणसं कापली गेली, उरलेले बालेकिल्ल्याच्या आश्रयाला गेले. तिथं मग बोलणं सुरू झालं. मध्यस्थी राव भावसिंह हाडा या राजपूत सरदारानं केली. फिरंगोजीनं किल्ला सोडला आणि आपली उरलेली माणसं घेऊन तो बाहेर पडला. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या आकड्यांनुसार मोगलांचे २६८ मेले आणि ६०० जखमी झाले. खानानं फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊ केली. त्यानं ती नाकारली आणि तो महाराजांकडे गेला. किल्ला घालवून आलेल्या किल्लेदाराला महाराजांनी पुढे भूपाळगड सांभाळायला दिला, यावरून त्यांनी चाकणचा हिशेब कसा मांडला असेल ते कळतं.

खानानंही आपला हिशेब मांडला. एका भुईकोटाला इतके दिवस आणि एवढी माणसं, तर सह्याद्रीतल्या गडांना किती? त्यानं किल्ले घेत बसण्याचा नाद सोडला, पुण्यात लाल महालात मुक्काम ठोकला आणि ५ एप्रिल १६६३च्या रात्री त्याचं जिवावरचं बोटांवर निभावलं. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

आता तारखेकडे वळू. सोपा प्रश्न आधी: चाकण ५५ दिवस लढलं की ५६? दोन्ही आकडे वाचायला मिळतात आणि त्यावरून लोक हिरिरीनं वाद घालतात. २१ जूनमधून १५ ऑगस्टपर्यंतची वजाबाकी केली तर ५५ येतात. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरले तर ५६. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी या एकानं छळलेलं असतं. फिरंगोजीच्या माणसांनी २१ जूनला तोंड दिलं आणि १५ ऑगस्टलाही दिलं, तेव्हा ५६ म्हणायला माझी हरकत नाही.

अवघड प्रश्न असा की ही २१ जून आणि ही १५ ऑगस्ट कुठल्या कॅलेंडरातली?

युरोपात सोळाव्या शतकात पोपनं कॅलेंडर दुरुस्त केलं. जुन्या ज्युलियन पद्धतीत वर्ष थोडं मोठं धरलेलं असल्यामुळे दिवस साठत गेले होते, म्हणून १५८२च्या ऑक्टोबरात ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख आली. स्पेन-पोर्तुगालनं ते लगेच मानलं. इंग्रज प्रॉटेस्टंट, पोपचं काय म्हणून ऐकायचं? ते जुन्याच तारखा लिहीत राहिले ते थेट १७५२पर्यंत. शिवकाळात याचा परिणाम असा की गोव्यातला पोर्तुगीज कारकून आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज कारकून एकाच दिवशी पत्र लिहायला बसले तर त्यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडायचं. आपल्याकडच्या इतिहासकारांनी शिवकाळातल्या तिथी आणि हिजरी तारखा इंग्रजीत आणताना बहुतेक वेळा ही जुनीच पद्धत वापरली, कारण इंग्रजी पत्रव्यवहाराशी मेळ घालणं सोपं जातं. जदुनाथ सरकारांच्या तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ याही जुन्याच पद्धतीच्या. आजच्या कॅलेंडरात त्या १ मार्च आणि १६ जून होतील.

म्हणजे चाकणचा १५ ऑगस्ट आज आपण ज्याला २५ ऑगस्ट म्हणतो त्या दिवशीचा आहे.

हे लिहिताना मला कुणाचा उत्साह मोडायचा नाही. पण स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री मोबाइलवर 'योगायोग पहा' असं लिहिलेला जो मजकूर दरवर्षी फिरतो, त्यातला योगायोग हा सूर्याचा किंवा पृथ्वीचा नसून पोप आणि इंग्लंड यांच्या भांडणाचा आहे, एवढं माहीत असायला हवं. वर्धापनदिन म्हणजे पृथ्वी आपल्या कक्षेत त्याच जागी परत येणं, असं मानलं तर चाकणचा दिवस २५ ऑगस्ट. वर्धापनदिन म्हणजे कागदावरचा तोच आकडा परत येणं, असं मानलं तर १५. आपण सरसकट दुसरं मानतो आणि समजतो पहिलं.

लिनक्सच्या जुन्या यंत्रांवर काळ्या पडद्यावर 'कॅल ९ १७५२' असं टाइप केलं की त्या वर्षीचा सप्टेंबर दिसतो आणि त्यात २ तारखेनंतर थेट १४ येते. इंग्लंडनं शेवटी नमतं घेतलं तेव्हा गिळलेले ते ११ दिवस. कॉलेजात हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की कॉम्प्युटर बिघडलाय. उलट पायथनमधली तारखांची सोय हे सगळं मनावरच घेत नाही. ती आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे इसवी सन १पर्यंत ताणते, जणू ते कायमच होतं. जावाची जुनी सोय १५८२ला पद्धत बदलते, इंग्लंडला विचारत नाही. त्यामुळे '१५ ऑगस्ट १६६०ला वार कोणता' असा प्रश्न विचारला तर उत्तर तुम्ही कुठलं कॅलेंडर मनात धरून विचारताय त्यावर ठरतं. यंत्राला शिकवलेल्या तारखेत कुणाचा तरी निर्णय आधीच घालून ठेवलेला असतो.

मग तिथी घ्या, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. तिथीला पोपशी देणंघेणं नाही. पावनखिंडीची रात्र आषाढ पौर्णिमेची आणि सकाळ वद्य प्रतिपदेची, इंग्रजी जुन्या हिशेबानं १२-१३ जुलै १६६०. तिथून पुढे-मागे मोजलं तर चाकणचा वेढा ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आगेमागे सुरू होतो आणि श्रावण वद्य चतुर्थी-पंचमीच्या आगेमागे संपतो. ज्येष्ठ वद्य अष्टमी! आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान याच तिथीला असतं आणि देहूहून तुकोबांचं आदल्या दिवशी. आळंदी चाकणपासून हाकेच्या अंतरावर. हा आजचा पालखी सोहळा १६६०मध्ये नव्हता, देहूची पालखी तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराजांनी १६८५च्या सुमारास सुरू केली आणि आळंदीची त्याहून बरीच नंतरची. पण वारी होती. त्या वर्षी पंढरपूरला निघालेल्यांच्या वाटेजवळच तोफा चढत होत्या.

आमच्या पट्ट्यात दोन घड्याळं नेहमीच चालत आलीत. देहू-आळंदीचं चांद्र, कंपन्यांचं सौर. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीला. आणि मधल्या सगळ्या भोसरी-निगडी-चाकणमध्ये पगार तारखेला, शिफ्ट तारखेनं. ज्या शॉपफ्लोअरवर सगळं एसएपीच्या तारखेनं चालतं तिथंच खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार पडतात आणि तो दिवस पंचांगात पाहूनच ठरतो. ही दोन घड्याळं एकमेकांच्या आड येत नाहीत. पालखीच्या दिवशी रस्ता बंद असतो एवढंच, आणि मग सेकंड शिफ्ट उशिरा सुरू होते.

तारीख वा तिथी, कुठलीही धरली तरी चाकणबद्दलचा खरा प्रश्न शिल्लक राहतो. पावनखिंड त्या ५६ दिवसांच्या आतली आहे. १३ जुलैला बाजीप्रभू घोडखिंडीत पडले तेव्हा फिरंगोजीला वेढ्यात अडकून तीन आठवडे उलटले होते आणि अजून महिनाभर तो लढणार होता. एकाच पावसाळ्यात, एकाच राज्याचे दोन वेढे, एक विजापूरकरांचा पन्हाळ्याला आणि एक मोगलांचा चाकणला. महाराज एकात स्वतः अडकल्यामुळे दुसऱ्याला मदत जाऊ शकली नाही. पन्हाळाही पुढे सोडून द्यावा लागला. युद्धाच्या जमाखर्चात दोन्ही किल्ले गेले.

पण पन्हाळा ते विशाळगड अशी पावसातली पदयात्रा दरवर्षी निघते आणि पोरं चिखल तुडवत जातात. बाजीप्रभूंवर सावरकरांनी पोवाडा रचला, अरविंद घोषांनी इंग्रजीत दीर्घकाव्य लिहिलं. १८ फेब्रुवारी २०२२ला दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' आला आणि दोन वर्षं कोविडनं रिकामी पाडलेली चित्रपटगृहं मराठी सिनेमानं भरली. फिरंगोजीला यातलं फारसं काही मिळालं नाही.

याचं एक उत्तर उघड आहे. खिंडीची गोष्ट एका रात्रीत बसते. तिला सुरुवात, मध्य आणि तोफांचे आवाज ऐकून प्राण सोडण्याचा शेवट आहे. चाकणची गोष्ट आठ आठवडे चिखलात चालते आणि शेवटी नायक वाटाघाटी करून जिवंत बाहेर पडतो. मला वाटतं मुख्य अडचण या 'जिवंत'मध्येच आहे. आपली स्मरणाची पद्धत पुण्यतिथीवर उभी आहे. माणूस त्या दिवशी मेला की दिवस पक्का होतो. जो त्या दिवशी शहाणपणानं मागे हटला, आपली माणसं वाचवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला, त्याचा दिवस कोणता धरायचा?

चिंचवडचंच पाहा. चापेकर बंधूंच्या तारखा किती काटेकोर माहीत आहेत: दामोदर १८ एप्रिल १८९८, वासुदेव ८ मे १८९९, त्यांचा साथीदार महादेव रानडे १० मे, बाळकृष्ण १२ मे. येरवड्याच्या तुरुंगात एका घरातले तीन भाऊ फाशी गेले. या कहाणीची मुख्य तारीख तर सिनेमाचं नावच झाली, जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७', १९७९चा. तारखेचंच नाव असलेले मराठी सिनेमे असे किती असतील? पुढे २०१९मध्ये 'गोंद्या आला रे' नावाची वेबसिरीजही आली.

त्या २२ जूनची गंमत अशी की तो दिवस मुळात दुसऱ्याच एका वर्धापनदिनाचा होता. व्हिक्टोरिया राणी २० जून १८३७ला गादीवर आली होती. १८९७मध्ये त्याला ६० वर्षं झाली. २० जूनला रविवार आला म्हणून मुख्य सोहळा मंगळवारी, २२ तारखेला ठेवला. लंडनमध्ये मिरवणूक, पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसवर मेजवानी आणि रोषणाई. प्लेगच्या झडत्यांमुळे पुणं ज्याच्या नावानं जळत होतं तो रँड कधी, कुठून, कुठल्या रस्त्यानं परत येईल हे एरवी हेरत बसावं लागलं असतं. राणीच्या हीरकमहोत्सवानं ते आपोआप ठरवून दिलं. सगळे साहेब एकाच रात्री, एकाच ठिकाणी, एकाच रस्त्यानं. आयर्स्ट तिथंच मेला, रँड ३ जुलैला. लंडनमध्ये २० तारखेला रविवार आला नसता तर सिनेमाचं नाव बदललं असतं.

थोडं विषयांतर होतंय, पण पानिपत सोडवत नाही. १४ जानेवारी १७६१. 'ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली' हे वाक्य शाळेपासून ऐकलेलं आहे. त्या दिवशी तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार. इंग्रजांनी तोवर कॅलेंडर बदललेलं होतं, त्यामुळे ही १४ जानेवारी आजचीच १४ जानेवारी. पण संक्रांत मात्र आजची नव्हे. आपली संक्रांत नक्षत्रांवर बेतलेली, इंग्रजी वर्ष ऋतूंवर. दोघांच्या वर्षांत काही मिनिटांचा फरक असतो आणि साधारण सत्तर वर्षांत संक्रांत इंग्रजी तारखेनं एक दिवस पुढे सरकते. म्हणूनच ती हल्ली बरेचदा १५ जानेवारीला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३, यावरूनही सरकणं दिसतं. तसंच मागे जात राहिलं तर १७६१ची संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास पडते. भाऊसाहेब लढायला निघाले तेव्हा संक्रांत होऊन चारेक दिवस झाले होते आणि छावणीत तिळगूळ सोडा, खायला दाणा नव्हता. वाक्प्रचार सुंदर आहे, तो राहू द्यावा. शाळेच्या पुस्तकात मात्र तो माहिती म्हणून येऊ नये.

आता पुन्हा जिवंत राहिलेल्यांकडे. आमच्या पट्ट्यानं असा दुसरा फिरंगोजी पाहिला आहे.

मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे, जन्म १ नोव्हेंबर १९४४. सैन्यात ईएमई या शाखेत गेले. ही तोफा, गाड्या, यंत्रं दुरुस्त ठेवणारी शाखा, म्हणजे आमच्या भागातल्या आयटीआयवाल्यांचीच म्हणायची. पेटकर तिथं बॉक्सर म्हणून नावारूपाला आले. १९६५च्या युद्धात शत्रूच्या विमानांच्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात कायमची राहिली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, तिथून पोहणं सुरू झालं. १९६८मध्ये तेल अवीवच्या अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. क्रिकेटवाले विजय मर्चंट यांच्या संस्थेनं त्यांच्यासारख्यांच्या परदेशी जाण्याचा खर्च उचलला, हे क्रिकेटला शिव्या घालताना आठवायला हरकत नाही.

मग १९७२. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला, पण अपंगांच्या स्पर्धा तिथं झाल्या नाहीत. म्युनिकच्या क्रीडानगरीतली घरं आधीच दुसऱ्या कामासाठी ठरली होती, म्हणून त्या हायडेलबर्गला हलवल्या गेल्या, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, म्युनिकच्या आधी. तिथं ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकर ३७.३३ सेकंदांत पोचले. जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्राला अजून ३६ वर्षं होती. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यपदकाचीही आपण अर्धं शतक नीट दखल घेतली नव्हती, पण आता निदान १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन झाला आहे. हायडेलबर्गच्या त्या दिवसाचं काही झालं नाही. त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिकचे खेळ सुरू झाले, ५ सप्टेंबरला तिथं इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला आणि १९७२चं जर्मनी म्हटलं की जगाला तेच आठवतं.

पेटकर परत आले आणि टेल्कोत नोकरीला लागले. पिंपरीच्या टेल्कोत.

या साध्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी टेल्कोत होतं. कुणी फाउंड्रीत, कुणी प्रेसशॉपला, कुणी बसचालक. सप्टेंबर १९८९मध्ये शनिवारवाड्यावरच्या उपोषणाला बसलेलेही त्यांतलेच, आणि न बसलेलेही. १९७२च्या सुवर्णपदकाचा मानकरी त्याच कंपनीच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षं होता आणि शहरात त्याचा दिवस कुणी कधी साजरा केला नाही. अर्जुन पुरस्कारासाठी १९८०च्या दशकात केलेली त्यांची खटपट फळली नव्हती. २०१८मध्ये पद्मश्री आली. १४ जून २०२४ला कबीर खानचा 'चंदू चॅम्पियन' लागला, कार्तिक आर्यननं पेटकर उभे केले, आणि मग जानेवारी २०२५मध्ये जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. सिनेमा आधी आणि पुरस्कार नंतर, हा क्रम कुणी योगायोग म्हणेल. मी म्हणणार नाही. सिनेमा चांगला आहे की बेताचा यावर वाद घालता येईल, मला तो जरा जास्तच गोड वाटला. पण चिंचवडच्या मल्टिप्लेक्समध्ये शेवटी खऱ्या पेटकरांचं नाव आलं तेव्हा मागच्या रांगेतले एक काका शेजाऱ्याला म्हणाले, "अरे, हे आपल्याच कंपनीतले." एवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

लोकप्रिय गोष्टींना तारीख कशी चिकटते याचं आणखी एक उदाहरण आकुर्डीत आहे. बजाजच्या चेतकनं एका पिढीच्या लग्नाच्या याद्या व्यापल्या होत्या आणि 'हमारा बजाज'ची जाहिरात १९८९पासून लोकांना पाठ आहे. २००७मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ला गेले. त्याच वर्षी १० जूनला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीतच विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. कंपन्या तारखा निवडतात आणि चांगल्या निवडतात. हजारो माणसांना घरी पाठवलेल्या जागेवर कमी माणसांचा आणि जास्त रोबोंचा कारखाना उभा राहताना जन्मदिवस निवडणं हे शहाणपणाचं होतं. उत्पादन थांबलं तो दिवस कुणाच्या दिनविशेषात नाही. तो दिवस त्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना माहीत आहे.

चाकणपुरतं बोलायचं तर हल्ली संग्रामदुर्गावर कार्यक्रम होतात, साफसफाई होते, तरुण पोरं येतात. पोवाडा होतो, फिरंगोजीचं नाव घेतलं जातं. हे चांगलं चाललंय. तारखेच्या बाबतीत मला कुणी विचारलेलं नाही, पण विचारलं तर मी १५ ऑगस्ट सुचवणार नाही. त्या दिवशी झेंडावंदनाच्या गर्दीत फिरंगोजीला कोपऱ्यातच उभं राहावं लागेल. २५ ऑगस्टही नको, त्यासाठी आधी पोप समजावून सांगावा लागेल. पहिला दिवस धरावा, ज्येष्ठ वद्य अष्टमी. त्या दिवशी किल्ला अजून पडलेला नव्हता, दरवाजे बंद झाले होते, आतल्यांना मोगलांचे तंबू दिसत होते आणि पुढचे सगळे दिवस बाकी होते. कंपन्यांच्या बसगाड्या त्या दिवशी तशाही आळंदीकडची गर्दी टाळून आडवाटेनं, चाकण गावातून घुसत जातात.